परतीच्या वेळेचा रकाना : ओझरच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पंचवटीतल्या कुटुंबाची फाइल गेल्या आठवड्यात पुरी झाली. त्यांचे चुलत आजोबा ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या विभागात, लँकॅस्टर विमानावर नॅव्हिगेटर (मार्ग आखणारे) होते आणि १९४४ साली मोहिमेवरून परतले नाहीत, एवढंच त्या घराला ठाऊक होतं. आता विमान कोणतं, सोबतचे सहा जण कोण आणि कबर कुठे, हे त्यांना कागदासह माहीत आहे. तुम्ही नसतात तर हे झालं नसतं. ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. घरच्यांच्या इच्छेनुसार नाव आणि स्क्वाड्रन देत नाही.

तुम्ही आम्हाला नावावरून शोधू दिलं नाहीत, इथूनच आभार मानायला हवेत. मराठी आडनाव इंग्रज टंकलेखकाच्या हातात गेलं की त्याची चार रूपं होतात. सेवा क्रमांक मात्र एकच असतो, असं वाटलं होतं; तेही तुम्ही दुरुस्त केलंत. सार्जंटला कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं की त्याचा क्रमांक बदलतो. लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रातल्या कमिशनच्या यादीत जुना क्रमांक नावाआधी आणि नवा नावानंतर असे दोन्ही एकाच ओळीत सापडतात. कमिशन कधी कधी मृत्यूनंतर मागच्या तारखेपासून जाहीर होई. त्यामुळे स्क्वाड्रनच्या वहीत सार्जंट आणि थडग्याच्या दगडावर पायलट ऑफिसर (अधिकाऱ्याचा हुद्दा), असं दिसतं. माणूस एकच, आणि दोन्ही नोंदी बरोबर. आम्ही मात्र दोन वेगळी माणसं समजून दोन फाइली उघडल्या होत्या.

लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदवह्या 'एआयआर २७' या मालिकेत आहेत, आणि त्या नाशिकमध्ये बसून संगणकावर उतरवता येतात. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. महिन्याचे कागद दोन प्रकारचे असतात. फॉर्म ५४० म्हणजे महिन्याचा गोषवारा : हवामान, बदल्या, किती विमानं गेली, किती आली. क्रूची नावं हवी असतील तर फॉर्म ५४१ घ्यावा लागतो. लोक पहिला घेतात, नाव सापडत नाही, आणि 'नोंदच नाही' म्हणून शोध सोडून देतात. प्रशिक्षणातल्या अपघातात गेलेल्यांचा शोध वेगळा, त्यांच्या तुकड्यांच्या वह्या 'एआयआर २९'मध्ये.

५४१ चं ते पान तुम्ही ओझरच्या हवाई दलाच्या डेपोतल्या नोंदवहीसारखं वाचलंत : आधी रकाने, मग मजकूर. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, क्रू, कामगिरी, उड्डाणाची वेळ, परतीची वेळ, तपशील. पुसट टंकलेखन, त्यात इंग्रजी डी आणि ओ सारखेच दिसणारे. विमानाचा क्रमांक तुम्ही आधीच्या आठवड्यांच्या पानांवर शोधायला लावलात. तेच विमान दुसऱ्या क्रूने उडवलं होतं आणि तिथे अक्षर स्वच्छ उमटलं होतं. एका नोंदीवर क्रमांक ठरवायचा नाही, हा धडा आम्ही तेव्हा घेतला.

तारखेचा घोळही तुम्हीच सोडवलात. विमानं रात्री निघत आणि पडत ती कित्येकदा मध्यरात्रीनंतर. ३० मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ गमावली. त्या एका मोहिमेतल्या मृत्यूंच्या तारखा कुठे ३०, कुठे ३१ आहेत. म्हणून दोन्ही दिवस पाहायचे. वेळेचंही तसंच. युद्धकाळात ब्रिटनची घड्याळं हिवाळ्यात ग्रीनिचपेक्षा एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास पुढे होती, तर नॅव्हिगेटरची नोंद ग्रीनिच वेळेत असे. दोन कागदांत तासा-दोन तासांचा फरक दिसला तर आधी महिना बघा, हे तुमचं वाक्य आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

आणि 'गार्डनिंग'! त्यांच्या एका आधीच्या उड्डाणापुढे कामगिरीच्या रकान्यात हा शब्द होता आणि आमच्यातल्या एकाने त्याचं भाषांतर प्रामाणिकपणे 'बागकाम' असं केलं होतं. समुद्रात सुरुंग पेरण्याच्या मोहिमेला ते नाव होतं आणि सुरुंगांना 'भाजी' म्हणत. 'निकेल' म्हणजे पत्रकं टाकणं. हे शब्द कळल्याशिवाय त्या माणसाने काय काम केलं हे कळतच नाही.

कबरीच्या बाबतीत राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर नाव आणि ओळ मिळाली की आम्ही थांबत होतो. तुम्ही त्याच पानावर खाली जोडलेले जुने कागद उघडायला लावलेत. क्रूला आधी पडल्या जागेजवळच्या गावातल्या स्मशानात पुरलं होतं आणि युद्धानंतर तिथून जर्मनीतल्या राइक्सवाल्डच्या मोठ्या युद्धस्मशानात हलवलं, हे स्थलांतराच्या तक्त्यातून कळलं. त्यात पहिल्या जागेचा नकाशा-संदर्भ असतो, म्हणजे विमान कुठे पडलं याचा सुगावा लागतो. कबरीपुढे एका आकड्याऐवजी 'अमुक ते अमुक' असं असेल तर अवशेष वेगळे ओळखता आले नव्हते. हे घरच्यांना कसं सांगायचं, तेही तुम्हीच सांगितलंत : कागद त्यांच्या हातात द्या, त्यांना स्वतः वाचू द्या, आणि विचारलं तेवढंच बोला. ज्यांची कबरच सापडली नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाईसैनिकांची नावं इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर आहेत. या घराला निदान एक जागा मिळाली.

बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक मारले गेले. त्यातल्या एकासाठी तुम्ही चार महिने रविवारमागून रविवार दिलेत, चष्म्यावर भिंग धरून. आम्ही मनापासून ऋणी आहोत.

फाइलची प्रत सोबत पाठवतो आहोत. विमान नेमकं किती वाजता पडलं याचा अंदाज लिहावा असं आमच्यातल्या काहींना वाटत होतं. ५४१ मध्ये उड्डाणाची वेळ आहे, परतीच्या रकान्यात काहीच नाही. तुम्ही म्हणालात तसं आम्हीही तिथे काही लिहिलेलं नाही.

आपले,
नाशिकचे अभ्यासक