सांगोला रस्त्यावर मदतीला थांबलेल्यांचे आभार

परवा डाळिंबाच्या बागेत गवत कापताना ट्रॅक्टरला जोडलेल्या मोवरचं पातं दगडावर आदळलं. शिअर बोल्ट तुटला आणि मशीन गप्प. रस्त्यावरून जाणारे एक काका आणि त्यांच्याबरोबरचा पोरगा आपणहून बांधावर आले. नाव विचारलं तर "राहू द्या की" म्हणाले. म्हणून हे जाहीर आभार.

काकांनी पाना हातात घ्यायच्या आधी पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद मोवरला देणारा फिरता दांडा) बंद करायला लावला, इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. पाती पूर्ण थांबेपर्यंत कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मोवर उचलल्यावर खाली लाकडी ठोकळे लावूनच ते वाकले. हायड्रॉलिकवर भरवसा ठेवून खाली हात घालणारे आपल्याकडे कमी नाहीत!

माझा भाऊ घरातला जाड, कडक बोल्ट घेऊन आला होता. काकांनी तो परत पाठवला. शिअर बोल्ट मुद्दाम आधी तुटावा असाच असतो, नाहीतर दणका थेट गिअरबॉक्सला बसतो. पोरगा मोटारसायकलवर जाऊन योग्य ग्रेडचा बोल्ट घेऊन आला. एकच पातं वाकलं होतं, पण वजन समान राहावं म्हणून पाती जोडीनंच बदलली. जाता जाता मोवर फिरवणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीसही मारलं.

पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. काका, तुमचा बावीसचा पाना आमच्या शेडमध्ये राहिलाय. न्यायला या, डाळिंबंही काढून ठेवतो.