हैफाच्या उपसागरातला तुझा फोटो

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बोटीवरून पाठवलेला हैफाचा फोटो मिळाला. आईने तुझी वाढलेली दाढी बघितली, मी मागचा किनारा. पार पलीकडच्या टोकाला पुसट दिसतंय, ते आक्को, तटबंदीचं जुनं बंदर.

लहानपणी राजपुरीहून होडीतून जाताना तू विचारलं होतंस, जंजिरा कुणालाच कसा घेता आला नाही? मी तटाच्या उंचीचं काहीतरी ठोकून दिलं होतं. ते तितकंसं खरं नव्हतं. खरं उत्तर या आक्कोच्या गोष्टीत आहे.

1799 च्या मार्चात नेपोलियन इजिप्तहून आक्कोवर आला. बरोबर साधारण 13,000 माणूस. वाटेत गाझा घेतलं, जाफा घेतलं. आक्को तेव्हा तुर्कांचं, तट जुनाट. मोठ्या तोफा लागल्या असत्या तर टिकला नसता. पण त्या वाळवंटातून ओढायच्या कशा? म्हणून इजिप्तच्या दमिएत्ता बंदरातून गलबतांवर चढवल्या. त्याचं आरमार आदल्या ऑगस्टमध्येच इंग्रजांच्या नेल्सनने इजिप्तच्या किनाऱ्यावर अबुकीरला संपवलं होतं, तरीही! 18 मार्चला कार्मेल डोंगराच्या बाजूला, म्हणजे तुझ्या बोटीचा नांगर पडलाय त्याच पाण्यात, इंग्रज आरमाराच्या सिडनी स्मिथने ती गलबतं धरली. तोफा गेल्या थेट आक्कोच्या तटावर, फ्रेंचांकडेच तोंड करून.

तटाची डागडुजी बघणारा फेलिप्पो हाही फ्रेंचच. राजाच्या पक्षाचा, आणि पॅरिसच्या लष्करी शाळेत नेपोलियनच्याच वर्गातला. वेढा उठायच्या आतच तो आजारी पडून गेला. मला या सगळ्यात त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढे फ्रेंचांकडे गोळ्यांची इतकी ओढ पडली, की इंग्रजांनी डागलेले गोळे वाळूतून वेचून आणणाऱ्या शिपायाला पैसे मिळत. मे महिन्याच्या सुरुवातीला ताजी तुर्की फौज घेऊन गलबतं क्षितिजावर दिसली. मग घाईघाईने हल्ला. काही फ्रेंच भगदाडातून आत शिरलेही, तर आत दुसरी फळी तयार! छावणीत प्लेग होताच. 20 मेला वेढा उठला. गाव वाचलं, पण राहिलं तुर्कांच्या सुभेदाराच्या, जज्जार पाशाच्या हाती. जज्जार म्हणजे खाटीक, आणि ते नाव त्याला शोभत होतं. तेव्हा गावकऱ्यांनी किती आनंद करायचा, कोण जाणे.

जानेवारीत नेपोलियनने कैरोहून टिपूला मदतीचं पत्र धाडलं होतं. ते इंग्रजांच्या हाती पडलं. 4 मेला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, तेव्हा नेपोलियन अजून आक्कोच्या तटाखालीच अडकलेला.

आता जंजिरा. 1682 मध्ये संभाजीराजांनी खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती. तेवढ्यात मोगल फौज कोकणात उतरली आणि त्यांना माघारी वळावं लागलं, हे तर आहेच. पण सिद्दीची समुद्राकडची वाट उघडीच होती. ज्याच्या पाठीशी दर्या मोकळा, त्याला जमिनीवरून घातलेला वेढा म्हणजे तीन भिंतींची कोठडी. तेव्हाच हे सांगायला हवं होतं.

शोर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुट्टी, मिळाली तर आक्कोच्या तटावर जाऊन ये. समुद्राच्या बाजूने पाणी किती खोल वाटतं ते बघून कळव. इथे बसून नकाशावर अंदाज येत नाही. आई विचारते, सुकट संपली का.

तुझे
बाबा