सईची राहिलेली तिसरी

लंडन, ओंटारियो
१४ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
सा. नमस्कार.

फोनवर सईच्या शाळेचा विषय निघाला की तुम्ही दोघं एकदम बोलता, मध्येच आवाज तुटतो आणि शेवटी बाबांच्या "असूदे, तुमचं तुम्ही बघा" वर फोन ठेवला जातो. म्हणून पत्र लिहितेय. बाबांना लाल पेनानं चुका काढायला तेवढंच निमित्त. काढा.

आधी आईसाठी एक खुलासा. हे लंडन म्हणजे ते लंडन नव्हे, हे कॅनडातलं. इथल्या नदीचं नावसुद्धा टेम्सच आहे, गोऱ्यांनी येताना गावांची-नद्यांची नावं ट्रंकेत भरून आणली. गल्लीत काय सांगायचं ते तू सांग, पण राजवाडा बघितला का म्हणून कुणी विचारलं तर उत्तरही तूच दे.

आता बाबांचा प्रश्न. "तिसरी न करता पोरगी चौथीत कशी काय बसली?" सप्टेंबरपासून तुम्ही हेच विचारताय आणि मी "इथं असंच असतं" म्हणून वेळ मारून नेतेय. ते खरं असलं तरी पुरेसं नाही.

इथं वर्ग ठरवताना मूल किती शिकलंय हे नंतर बघतात, आधी जन्मसाल बघतात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबरपर्यंत जन्मलेली सगळी मुलं एका वर्गात. ज्या वर्षी सहा पूर्ण होणार, त्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिली. सई ९ डिसेंबर २०१६ ची, म्हणजे हिशेबानं २०२२ ला पहिली आणि २०२५ ला चौथी. तेवीस दिवस उशिरा जन्मली असती तर तिसरीत बसली असती. दवाखान्यात आई म्हणाली होती, "पोरगी घाईची दिसते." तेव्हा आपण हसलो होतो.

२०२२ च्या जूनला तिला पाच वर्षं पाच महिने झालेले होते, तेव्हाच्या नियमात ती पहिलीत बसत होती. शाळेवाले घेतो म्हणत होते. मीच अडून बसले आणि यूकेजीत आणखी एक वर्ष ठेवली. (पुढं कर्नाटकानं सहा वर्षं पूर्ण हवीत असा नियम लावला आणि यंदा परत एका वर्षापुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत दिली. आपल्याकडं नियमाला पण उन्हाळा-पावसाळा असतो.) तर ते एक वर्ष मी मोठ्या हौसेनं साठवून ठेवलं होतं, ते विमानतळावरच जप्त झाल्यासारखं झालं.

शाळेत नाव घालायला गेलो तेव्हाची गंमत बाबांना आवडेल. तुम्ही निघताना दहादा बजावलं होतं, "दाखला घेतलास काय? दाखल्याशिवाय कुठलीच शाळा उभी करून घेत नाही." प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिक्क्यासकट, घडी न घालता आणलेला तो शाळा सोडल्याचा दाखला अजून तसाच आहे. कुणी मागितलाच नाही. त्यांना हवा होता जन्माचा दाखला, घरभाड्याचा करार, इमिग्रेशनचे कागद आणि लसींचं कार्ड. लसींच्या कार्डावर मात्र अडलं. आपल्या सरकारी दवाखान्याच्या कार्डात कांजिण्यांची आणि मेनिंजायटिसची लस नाही, इथं दोन्ही लागतात. दोन सुया बसल्या, सई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काउंटरवरच्या बाईंना आणखी एक कोडं पडलं. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम आणि सईच्या जन्माच्या दाखल्यावर बेळगावी. ही दोन गावं आहेत का, म्हणाल्या. १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं नाव बदललं, एवढंच सांगितलं. उरलेलं सांगायला बसले असते तर त्यांची सुट्टी व्हायची वेळ आली असती.

मग सईची चाचणी झाली. परीक्षा नव्हे. एक बाई तिला घेऊन तासभर बसल्या. चित्रांचं पुस्तक दिलं, यात काय चाललंय सांग म्हणाल्या. सई गप्प. गणित दिलं, ते झटकन केलं. घरी कुठली भाषा बोलता म्हणून मला विचारलं. मराठी. शाळेत? इंग्लिश, आणि दुसरी कन्नड. रस्त्यावर? मी म्हटलं, समोर कोण उभं आहे त्यावर. त्यांनी ते पण लिहून घेतलं. मग सईसमोर कोरा कागद ठेवला आणि तुला येते त्या कुठल्याही भाषेत काहीतरी लिही, म्हणाल्या. तिनं काय लिहिलं ते मी फोटो काढून ठेवलंय. "आजीच्या परसात फणस आहे. तो पाडायचा नसतो, उतरवायचा असतो. आजोबा दोर बांधतात आणि मी खाली उभी राहायची नाही." बाईंना एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्या बघत होत्या की मूल लिहिताना अडतंय का, वाक्य पुरं करतंय का, थांबून विचार करतंय का. मला म्हणाल्या, हिला लिहिता येतं, फक्त आमच्या भाषेत येत नाही अजून.

तरी मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेला ईमेल केला, तिसरीत बसवा म्हणून. तुमचा जावई अमोल म्हणत होता, नियम आहे तर वाद कशाला. पण माझ्या डोक्यात बाबांचंच वाक्य होतं, पाया पक्का तर घर पक्कं. मुख्याध्यापिकेनं बोलावलं, ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं, की तिला जे येत नाही ते तिसरीत बसून पण येणार नाही, कारण येत नाही ती इंग्लिश. गणित तर चौथीचं पण तिला येतंय. सोबत इंग्लिशच्या मदतीला असलेल्या शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी टोरांटो विद्यापीठातल्या जिम कमिन्स यांच्या अभ्यासाचं सांगितलं. परक्या भाषेत मैदानावरचं बोलणं मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात, पण त्या भाषेत अभ्यास करून वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे एक वर्ष मागं बसवून पाच वर्षांचं अंतर काही भरत नाही, उलट मूल आपल्या वयाच्या पोरांतून बाजूला पडतं.

बाबा, तिथं मी गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, मला दुसरंच काहीतरी आठवलं म्हणून.

माझी जन्मतारीख. १ जून १९८७. तुमच्याच अक्षरात, तुमच्याच शाळेच्या रजिस्टरात. जांबोटीच्या पुढच्या त्या शाळेत तुम्ही निम्म्या गावाचा जन्म १ जूनला लावून दिलात, कुणाच्या आईबापाला तारीख ठाऊक नसायची म्हणून. पण माझी तुम्हाला ठाऊक होती. मी मार्च १९८८ ची. कागदावर सहा वर्षांची आणि खरी सव्वापाच वर्षांची, अशी मी १९९३ च्या पावसात पहिलीत बसले. "तिचा कान तयार आहे" असं तुम्ही आईला सांगितलंत म्हणे. कान तयार होताच. एका खोलीत चार वर्ग, चौथीला फळ्यावर गणित, पहिलीला पाटीवर गिरवायला, दुसरी-तिसरी भिंतीकडं तोंड करून. दुसरीत असताना मला चौथीच्या कविता पाठ होत्या. तोवर सगळं सुरळीत होतं.

पुढचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. प्रार्थनेला उंचीप्रमाणं रांग लागायची, त्यात दहावीपर्यंत पहिली मीच. हायस्कूलात मुली कोपऱ्यात कुजबुजायच्या, ते काय ते मला दीड वर्षानं कळलं. २००३ ला दहावी झाली, ६२५ पैकी माझे गुण बघून तुम्ही पेढे वाटलेत आणि मला बेळगावात सायन्सला घातलंत. खरं वय सव्वापंधरा. दहावीपर्यंत सगळं मराठीत, आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, पहिल्या दिवसापासून इंग्लिश. त्वरण, संवेग, घनता ही माझी माणसं होती, त्यांनी रातोरात नावं बदलली. संवेग म्हणजेच मोमेंटम हे कळायला दिवाळी उजाडली. फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ६. सर सगळ्यांसमोर म्हणाले, मराठी शाळेतून आलीस काय. तुम्हाला पत्रात लिहिलं, अभ्यास व्यवस्थित चालू आहे.

इतकी वर्षं मला वाटायचं, हे सगळं त्या १ जूनमुळं. सगळ्यांत लहान असल्यामुळं. म्हणून सईला मी अडवून धरली. आता ऐकताना वाटलं, निम्मं तरी वयाचं नव्हतंच, भाषेचं होतं. आणि त्यात तुमचा काय दोष? तुम्ही तारीख बदललीत, पण पीयूसी मराठीत कुणी आणून दिली असती? रागावून लिहीत नाही. राग होता, तो कधी गेला ते कळलं नाही.

मुख्याध्यापिकेनं एवढं केलं, की सईला तिसरी-चौथीच्या जोडवर्गात घातलं. एक खोली, एक बाई, निम्मी तिसरी, निम्मी चौथी. इथं ही सर्रास पद्धत आहे, शिक्षक कमी म्हणून नव्हे, पटाचा मेळ बसावा म्हणून. मी पहिल्यांदा वर्गात डोकावले आणि हसूच आलं. बाई तिसरीला गालिच्यावर गोष्ट वाचून दाखवत होत्या, चौथी टेबलांवर लिहीत होती आणि सईचा एक कान गालिच्याकडं. फक्त छप्पर गळत नव्हतं आणि दाराशी इरली टांगलेली नव्हती. त्याऐवजी बर्फाच्या विजारी. ती विजार, बूट, टोपी, हातमोजे चढवायला दहा मिनिटं, उतरवायला दहा. सईची चेन अडकते, पुढच्या बाकावरची तिसरीतली मुलगी लावून देते.

तुमच्या पाढ्यांचं सांगायचं राहिलंच. इथं दहापर्यंतचे पाढे चौथीत यावेत अशी अपेक्षा आहे. सईला तुम्ही बारापर्यंत म्हणवून घेतलेत, त्यामुळं तिचा भाव वधारलाय. पण "उत्तर कसं काढलंस ते लिही" म्हटलं की पेन्सिल चावत बसते. मला विचारते, "आई, बारा सक बहात्तर कसं काढलं म्हणजे काय? ते असतंच की." याला मी काय उत्तर देऊ ते तुम्ही सांगा. कर्सिव्ह इथं तिसरीपासून शिकवतात, सईनं ते बेळगावात कधीच गिरवलंय, म्हणून वर्गातल्या वाढदिवसाच्या कार्डांवर नावं घालायचं काम तिच्याकडं आलंय. राहिलंय ते वेगळंच. तिसरीत इथली मुलं १७८० ते १८५० मधल्या कॅनडातल्या वस्त्यांबद्दल शिकतात, ते तिचं पूर्ण गेलं. तेवढं पुस्तक वाचनालयातून आणलंय, रविवारी अमोल वाचून घेतो आणि स्वतःच जास्त शिकतो.

आणि एक गोष्ट ऐकून बाबा, तुम्ही नक्की मान हलवाल. इथं चौथीपासून फ्रेंच सक्तीचं आहे, आठवीपर्यंत. ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, एक भाषा धड येईना, त्यात दुसरी सक्तीची! आपल्याकडं सक्ती म्हटलं की कन्नड सक्तीविरुद्ध लढताना गेलेल्यांचं हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक डोळ्यासमोर येतं. पण झालं उलटंच. फ्रेंचच्या तासाला सगळा वर्ग कोरा. गोऱ्या मुलांना पण येत नाही. त्या तासाला सई हात वर करते. तिला माहीत आहे, की वस्तू तीच असते आणि दुकानाच्या पाटीवर नाव दुसरं असतं. बेळगावच्या खडेबाजारातून चालत शाळेला जाणाऱ्या पोरीला हे कुणी शिकवायला लागत नाही.

नोव्हेंबरात पहिलं प्रगतिपत्रक आलं. गुण नसतात त्यात, नुसते शेरे. गणिताला चांगली प्रगती, वाचन-लेखनाला अडचणीतून प्रगती, आणि इंग्लिशच्या मदतीच्या चौकटीत खूण. ती खूण बघून मला रात्री झोप आली नाही, हे तुम्हाला न सांगता कुणाला सांगू? श्रेणी असलेलं पत्रक फेब्रुवारीत येईल. आलं की फोटो पाठवते, वाईट असलं तरी. यावेळी "अभ्यास व्यवस्थित चालू आहे" नाही.

मंगळवारी तिला नऊ पूर्ण झाली. चौथीच्या मुलांत सगळ्यांत शेवटची नऊ वर्षांची झालेली म्हणून तिला कागदी मुकुट मिळाला, ती तो घालूनच झोपली. आई, तुझ्या हातचा कुंदा आठवून मी इथं दूध आटवायला बसले होते. तीन तास. रंग आला, दाणा आला नाही. साखर कधी घालतेस ते फोनवर नीट सांग, "अंदाजानं" म्हणू नकोस.

बाबा, एक काम आहे. मागच्या महिन्यात इथल्या डॉक्टरीणबाई माझी माहिती लिहून घेत होत्या. १ जून सांगितलं आणि जीभ अडखळली. त्यांनी वर बघितलं. आई म्हणते, रंगपंचमीच्या आदल्या रात्री झालीस, कंदील विझत होता. पंचांग बघून तारीख मी पण काढीन, पण तुमच्या त्या जुन्या हिरव्या वहीत, जिच्यात गाई व्यायल्याच्या तारखासुद्धा आहेत, तिच्यात माझी पण असणार. शोधा. तारीख आणि वेळ, तुमच्या अक्षरात लिहून फोटो पाठवा. सईला दाखवायची आहे.

तुमची,
बेबी