८०८५चे संच भंगारात काढू नका

महोदय,

नवी मुंबईतील एका तंत्रनिकेतनाने जागेच्या अडचणीपायी प्रयोगशाळेतील इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे (संगणकाचा मेंदू असलेल्या चिपचे) चालू स्थितीतील सराव-संच भंगारात काढले, हे पाहून वाईट वाटले.

इंटेलचा १९७१ सालचा ४००४ हा प्रोसेसर मुळात बुसिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी घडला. प्रत्येक कामासाठी वेगळी चिप बनवण्याऐवजी एकच सर्वसाधारण चिप करून तिचे काम प्रोग्रॅमने ठरवावे, ही टेड हॉफ यांची कल्पना फेदेरिको फॅजिन यांनी सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांत प्रत्यक्षात उतरवली. १९७६च्या ८०८५ला आधीच्या ८०८०प्रमाणे तीन निरनिराळे विद्युतदाब लागत नसत, एकट्या ५ व्होल्टवर त्याचे भागे. पुढे १९८१मध्ये आयबीएमच्या पीसीत इंटेलचा ८०८८ बसला आणि इंटेलचे नशीब पालटले. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या जडणघडणीत मोलाचा वाटा असलेले विनोद धाम पुण्यात जन्मले, हे आपण कौतुकाने सांगतो. मात्र त्याच पेंटियमच्या भागाकारातील दोषापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली, हे सहसा सांगत नाही.

८०८५च्या संचावर ‘३ई’ (पुढचा आकडा उचलण्याची आज्ञा) आणि ‘०५’ भरून प्रोग्रॅम चालवला की ५ हा आकडा अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे चिपमधील आकडा तात्पुरता ठेवायच्या जागेत, जातो आणि विद्यार्थ्याला तो तिथे तपासताही येतो. लॅपटॉपवरील सिम्युलेटरमध्ये हे दिसते खरे, पण चिपला हात लागत नाही. अभ्यासक्रम बदलला तरी ठाणे-नवी मुंबईतील प्रत्येक तंत्रनिकेतनाने निदान एक चालू संच जपून ठेवावा, ही विनंती.

— एक निवृत्त अध्यापक, ऐरोली