फॉर्म बघा, पण चाळीसची यादीही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी बेसबॉलमध्ये मायनर लीगमधून (खालच्या पायऱ्यांवरून) मेजर लीगमध्ये (सर्वोच्च स्पर्धेत) आता कोणाला बोलावणे येणार, याच्या याद्या वृत्तसंस्थांकडून येतात आणि जशाच्या तशा छापल्या जातात. त्यांत खेळाडूची सरासरी असते, होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) असतात. त्याला वर यायला जागा आहे का, हे मात्र नसते. खरी मेख तिथेच आहे.

प्रत्येक क्लबची 40 जणांची करारयादी असते. त्यातले 26 प्रत्यक्ष संघात, सप्टेंबरमध्ये 28. होतकरू मुलगा 40 मध्ये नसेल, तर त्याला वर आणण्यासाठी आधी कोणाची तरी जागा रिकामी करावी लागते. एखादा मोठी दुखापत झालेला खेळाडू 60 दिवसांच्या जखमींच्या यादीत टाकता आला तर ठीक, तो 40 मध्ये धरला जात नाही. नाहीतर एकाला यादीतून काढायचे, आणि मग सात दिवसांत त्याचा सौदा तरी करायचा किंवा बाकीच्या 29 क्लबांना त्याच्यावर हक्क सांगू द्यायचा. हातचा माणूस असा फुकट घालवायला कोण तयार होईल? म्हणून दोन मुलांत उन्नीस-बीसचाच फरक असेल, तर आधीपासून 40 मध्ये असलेला पुढे जातो. शिवाय त्याला तीन मोसम खाली-वर करता येते, एका मोसमात फार तर पाच वेळा. एकदा खाली धाडलेला फलंदाज 10 दिवस आणि पिचर (चेंडू टाकणारा) 15 दिवस परत आणता येत नाही. वर कोणी जायबंदी झाला तरच सूट.

दुसरा हिशेब दिवसांचा. मेजर लीगमधले 172 दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षे भरली की खेळाडू कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा. मोसम 172 दिवसांहून थोडा लांब असतो, त्यामुळे सुरुवातीचे दोनेक आठवडे मुलाला खाली ठेवले की क्लबला आणखी एक वर्ष मिळते. 2015 मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने सराव सामन्यांत 9 होमरन मारले, तरी त्याला आयोवाच्या मायनर संघात पाठवले. कारण सांगितले क्षेत्ररक्षणाचे. 17 एप्रिलला तो वर आला आणि मोसमाअखेर त्याचे 171 दिवस भरले. एक दिवस कमी! क्लबविरुद्धची त्याची तक्रार 2020 मध्ये फेटाळली गेली.

लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2022 च्या करारात यावर तोडगा निघाला. नावाजलेला नवोदित पहिल्या दिवसापासून खेळवला आणि तो मतदानात सर्वोत्तम नवोदित ठरला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एक जादा निवड मिळते. सिअॅटलला ती हुलिओ रॉड्रिगेझमुळे मिळाली. आणि उशिरा आणलेला नवोदित त्या मतदानात पहिल्या दोघांत आला, तर त्याला सेवेचे पूर्ण वर्ष मिळते. पिट्सबर्गने पॉल स्कीन्सला 11 मे 2024 रोजी आणले. किताब त्याने जिंकला आणि वर्षही पदरात पडले. अर्थात पळवाटा पूर्ण बुजलेल्या नाहीत.

आकड्यांबद्दलही थोडे. ट्रिपल-ए म्हणजे मायनरची सर्वांत वरची पायरी. तिच्या पॅसिफिक कोस्ट लीगमधले अल्बुकर्कीचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, चेंडू लांब जातो, कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) कमी वळतो. तिथले होमरन म्हणजे राजकोटच्या पाटा खेळपट्टीवरचे शतक. सरासरीपेक्षा स्ट्राइकआउटचे (तीन चेंडू हुकवून किंवा सोडून बाद होण्याचे) प्रमाण आणि स्ट्राइक झोनमधल्या (फलंदाजाच्या टप्प्यातल्या) चेंडूवर किती वेळा बॅट हुकते, हे बघावे. हेही पुरेसे नसते म्हणा. बाल्टिमोरचा जॅक्सन हॉलिडे 2023 च्या एकाच मोसमात मायनरच्या चारही पायऱ्या चढला. एप्रिल 2024 मध्ये वर आल्यावर 34 प्रयत्नांत 2 हिट (यशस्वी फटके) आणि 18 स्ट्राइकआउट, आणि महिना संपायच्या आत तो परत खाली. पिचरचा प्रश्न वेगळा. सामन्याच्या नऊ इनिंगपैकी (डावांपैकी) तो पाच टाकू शकतो का आणि वर्षभराच्या इनिंगच्या मर्यादेतल्या किती उरल्या, यावर त्याचे बोलावणे अवलंबून असते. स्कीन्सलाही आधी इंडियानापोलिसच्या मायनर संघात मोजक्याच इनिंग टाकायला देऊन हळूहळू वाढवत नेले होते.

ऑगस्टच्या मध्यानंतर बढत्यांची लाट येते, तिचेही कारण नियमातच आहे. फलंदाजाचे 130 प्रयत्न, पिचरच्या 50 इनिंग किंवा संघात 45 दिवस, यांपैकी काहीही ओलांडले की ‘नवोदित’ हा दर्जा जातो. दीड महिना उरला असताना मुलगा आणला, तर तो पुढच्या वर्षीही नवोदितच राहतो आणि जादा निवडीची आशा शाबूत राहते. भारतीय वंशाच्या आईचा मुलगा कुमार रॉकर टेक्सासकडून 12 सप्टेंबर 2024 रोजी पहिला सामना खेळला, आणि 2025 मध्येही त्याची गणना नवोदितांतच झाली.

तेव्हा अशी यादी छापताना प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी द्याव्यात, ही विनंती: तो 40 मध्ये आहे की नाही, आणि त्याच्या जागेवर सध्या कोण खेळतो.

आपला,
एक वाचक, पुणे