उभ्या गाडीची बॅटरी उतरली, खापर मात्र ग्राहकाच्या माथी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : उभ्या इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची बॅटरी निकामी होणे आणि वॉरंटी नाकारणे

महोदय,

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे पावसाच्या सुरुवातीला जर्मनीला गेलो ते चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर परतलो. तेवढा काळ तुमच्या कंपनीची गाडी डिचोलीत घरच्या शेडमध्ये उभी होती. मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे मेन बॅटरी साधारण अर्ध्यावर ठेवली होती. चार्जर लावून ठेवला नव्हता, कारण पावसात घर बंद करून जाताना मेन स्विच पाडून जायचे ही आमच्याकडची रीत आहे. गडगडाट झाला की कोणती वस्तू जळेल याचा नेम नसतो.

मोपा विमानतळावरून टॅक्सीने घरी आलो. सामान आत टाकून गाडी उघडायला गेलो, तर रिमोट दाबून काही होईना. हँडलवरची टोपी काढून रिमोटच्या आतल्या लोखंडी किल्लीने दार उघडले. स्क्रीन काळी, हॉर्न मुका, चार्जिंगचे झाकणसुद्धा उघडेना. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडून १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला मीटर लावला. चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर असते, ही सहाच्या आसपास होती. मेन बॅटरीत मात्र पणजीला दोन-तीनदा जाऊन येण्याइतकी वीज शिल्लक होती, हे नंतर तुमच्याच माणसाने दाखवले. पण तिचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिची वीज गाडीला जोडणारे मोठे स्विच, चालू व्हायला छोट्या बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात. गोदाम भरलेले आणि किल्ली आत राहिलेली, असा हा प्रकार.

इलेक्ट्रिशियन जंप द्यायला, म्हणजे बाहेरून वीज देऊन गाडी जागी करायला, तयार होता. तुमच्या कॉल सेंटरने सांगितले, "सर, हात लावू नका, वॉरंटी जाईल." मग त्यांनी टोइंगची गाडी पाठवली ती हुकाची. मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत लिहिले आहे की गाडी फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे सपाट ट्रकवर चढवूनच, न्यावी. शिवाय पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक असल्याने चाके जाम होती. तशीच ओढली असती तर काय झाले असते, हे मी सांगायला नको. मी नको म्हटल्यावर ती परत गेली आणि फ्लॅटबेड दुसऱ्या दिवशी आला, तोही पैसे घेऊन. शेवटी तुमच्या टेक्निशियनने काय केले? खिशात मावेल एवढा बूस्टर लावून जंपच दिला! गाडी जागी झाली, पण बॅटरी चार्ज धरेना. लेड-अॅसिड बॅटरी बराच काळ उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरते, मग ती पुन्हा उभी राहत नाही. नवी बॅटरी माझ्या खर्चाने बसवली. तेवढे दिवस माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मंडपीचे) सामान, आंबाडे आणि सुपारीचे घोस मी स्कूटरवरून आणले.

वॉरंटी नाकारताना सर्व्हिस सेंटरने सांगितले, "इतके दिवस गाडी बंद ठेवायची नसते." मग हे विकताना का सांगितले नाही? मॅन्युअलमध्ये मेन बॅटरीबद्दल पानभर मजकूर आहे, १२ व्होल्टच्या बॅटरीबद्दल "अधिकृत केंद्रात तपासून घ्यावी" एवढेच. उलट तुमचे ॲप दर दोन-चार दिवसांनी "तुमच्या गाडीची स्थिती पाहा" असा मेसेज पाठवत होते. मी पाहायचो. ॲप उघडले की गाडीतले टेलिमॅटिक्स, म्हणजे गाडीची माहिती मोबाइलवर पाठवणारे यंत्र, जागे होते आणि ते चालते याच छोट्या बॅटरीवर, हेही मला तुमच्या टेक्निशियनकडून कळले.

आता मुख्य मुद्दा. जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाच्या कागदावर, एक ओळ आहे : "टेलिमॅटिक्स सॉफ्टवेअर अपडेट केले." मी असे काही मागितले नव्हते. गाडी उभी असताना हे यंत्र नीट झोपत नव्हते, आणि ते तुम्हाला ठाऊक होते म्हणूनच अपडेट तयार होता ना? दोष सॉफ्टवेअरचा असेल, तर बॅटरीचे बिल मी का भरायचे? मेन बॅटरीतून १२ व्होल्टची बॅटरी अधूनमधून आपोआप भरून घेणाऱ्या गाड्याही बाजारात आहेत. तुमच्या गाडीत ती सोय नसेल, तर निदान व्होल्टेज खाली गेल्याचा एक मेसेज तरी यायला हवा होता. सणाच्या ऑफरचे मेसेज न चुकता येतात.

बॅटरीचे व फ्लॅटबेडचे पैसे परत करावेत. मी परदेशी असतानाच्या काळातील टेलिमॅटिक्सचा लॉग मला द्यावा, आणि तो अपडेट कशासाठी होता हे स्पष्ट करावे. इथल्या अनेक घरांतली माणसे बोटीवर किंवा आखातात असतात, गाडी महिनोन् महिने दारात उभी राहते. तेव्हा अशी गाडी कशी ठेवायची, १२ व्होल्टची वायर काढावी की काढू नये, हे मराठीत आणि कोंकणीत छापून प्रत्येक ग्राहकाला द्यावे.

बिले, जॉबकार्ड आणि मीटरचा फोटो सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर लेखीच पाठवावे. फोनवर तुमचा प्रत्येक माणूस वेगळे सांगतो.

आपला,
एक ग्राहक, डिचोली, गोवा