फायरवॉल बंद करणं हा उपाय नव्हे

संपादक महोदय,

चतुर्थीच्या आधी घरच्या कॉम्प्युटरवरून वायफाय प्रिंटर चालेना म्हणून म्हापशातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने सरळ विंडोजची फायरवॉलच (नेटवर्कवरून कॉम्प्युटरमध्ये शिरू पाहणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी सोय) बंद केली नि गेला, प्रिंट आली म्हणून आम्हीही खूश, महिनाभर मशीन तसंच उघडं! खरं कारण एवढंच की घरचं वायफाय विंडोजमध्ये 'पब्लिक' म्हणून, म्हणजे अनोळखी लोकांचं नेटवर्क असल्यासारखं, सेट होतं, ते 'प्रायव्हेट', म्हणजे घरचं विश्वासाचं, केलं, फायरवॉल परत चालू केली, प्रिंटर व्यवस्थित चालतो. एखादा प्रोग्राम अडला तर तेवढ्यालाच परवानगी देता येते हो. २००४ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटपासून ही फायरवॉल आपोआप चालू येते ती उगाच नाही. कॅफेच्या वायफायवर मात्र पब्लिकच ठेवा. दुरुस्तीवाल्यांनी बंद केलेलं परत चालू करून जावं, निदान गिऱ्हाइकाला सांगावं तरी.

– एक वाचक, म्हापसा